बंद दिसणाऱ्या यंत्रांची वीज

खानदेशातील माणसाला विजेचे मोल निराळे समजावून द्यावे लागत नाही. भारनियमनाची वर्षे ज्यांनी भोगली, त्यांना कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास आठवतो. भुसावळजवळच्या दीपनगरची धुरांडी क्षितिजावर दिसत असताना आपल्याच घरात अंधार का, हा तेव्हाचा प्रश्नही आठवतो. आज दीपनगरात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. वीज वाढली, हे खरे. परंतु घराघरांतील यंत्रेही वाढली, आणि त्यांतील कित्येक यंत्रे आपण ‘बंद’ केल्यावरही वीज घेत राहतात. या लेखात आम्ही मुख्यतः त्यांचाच विचार करणार आहोत.

दूरदर्शन संच रिमोटने बंद केला की पडदा काळा होतो, पण कोपऱ्यात एक तांबडा ठिपका जळत राहतो. रिमोटची पुढची आज्ञा ऐकण्यासाठी यंत्राचा एक भाग जागा राहावा लागतो, त्याची ती खूण होय. नव्या संचांत ही जाग फार स्वस्त झाली आहे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अशा यंत्रांनी थांबलेल्या अवस्थेत १ वॅटहून अधिक वीज घेऊ नये, असा आग्रह धरला आणि युरोपात २०१३ पासून बहुतेक घरगुती यंत्रांसाठी ही मर्यादा अर्ध्या वॅटवर आली. तेथील बाजारासाठी बनणाऱ्या यंत्रांची रचना सुधारली, तिचा लाभ आपल्यालाही मिळाला.

खरा खादाड त्याच्या शेजारी बसलेला असतो, तो म्हणजे सेट-टॉप बॉक्स. रिमोटने बंद केल्यावरही पुष्कळ बॉक्स चालू असतानाइतकीच वीज घेतात. फक्त दिव्याचा रंग बदलतो. हात लावून पाहावा, तो कोमट लागतो. ही ऊब विजेचीच असते. असा बॉक्स १० वॅट घेतो असे धरू. दिवसाचे सहा तास दूरदर्शन पाहिले, तर उरलेल्या अठरा तासांत महिन्याला ५.४ युनिट आणि वर्षाला सुमारे ६६ युनिट वीज कोणी काही पाहत नसताना खर्ची पडते. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका घराच्या एका बॉक्सपायी वर्षाला चाळीस किलोंच्या आसपास कोळसा. रात्री सौर प्रकल्प निजलेला असतो, तेव्हा हा भार बहुतांशी कोळशावरच पडतो.

याउलट, मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये ठेवू नये हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. उपदेश चुकीचा नाही, परंतु अलीकडचा चांगला चार्जर फोन जोडलेला नसताना अर्ध्या वॅटहूनही कमी वीज घेतो. चार्जर काढून बॉक्स चालू ठेवणे म्हणजे मोरीला बोळा घालून दरवाजा सताड उघडा ठेवण्यासारखे आहे.

महिन्याला पाच युनिट म्हणजे किती, असे कोणी म्हणेल. येथे महावितरणच्या दराची रचना ध्यानात घ्यावी. घरगुती ग्राहकाची पहिली १०० युनिट स्वस्त असतात. १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिटचा दर अलीकडच्या दरपत्रकांत पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. ज्याचा वापर १०४-१०५ युनिट होतो, त्याची वाचलेली युनिट ही महागड्या टप्प्यातीलच असतात. आमच्या अनेक पालकांची बिले नेमकी याच सीमेवर असतात, म्हणून हा हिशेब आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

आपल्या घरात किती वीज अशी झिरपते, हे विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातील दिवे, पंखे थोडा वेळ बंद करावेत, फ्रीजचेही बटण बंद करावे, आणि उरलेली यंत्रे नेहमी असतात तशीच राहू द्यावीत. मग दोन लुकलुकण्यांमधील सेकंद मोजावेत. ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. तीस सेकंद लागले तर ३७.५ वॅट, साठ लागले तर १८.७५. आकडा १६०० असेल तर २२५० ला भागावे. पुढे एकेक बटण बंद करीत मोजत गेले की चोर आपोआप सापडतो. मीटरला हात लावण्याचे कारण नाही; दुरून पाहणे पुरेसे आहे.

आपल्याकडे भिंतीवरच्या सॉकेटलाच बटण असते, ही मोठी सोय आहे. अमेरिकेतील घरांत ते बहुधा नसते. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे घेतो, एवढाच काय तो त्रास.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी आहे. भारनियमनाने तो आपल्या घरात आणला आणि भारनियमन कमी झाले तरी तो राहिला. वीज असतानाही तो बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी सतत थोडी वीज घेतो. बॅटरी जुनी झाली की ही भूक वाढते, ती तापते आणि पाणी लवकर आटते. तो रोज बंद करू नये, कारण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर बिघडते. पाण्याची पातळी पाहावी आणि निकामी झालेली बॅटरी वेळीच बदलावी. जुन्या स्टॅबिलायझरबद्दलही असेच. नव्या पुष्कळ फ्रीज आणि दूरदर्शन संचांना त्याची गरज नसते. माहितीपत्रकात व्होल्टेजची मर्यादा पाहून ठरवावे.

चालू दूरदर्शन संचातही बचत होते. दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला झगझगीत उजेड घरी कमी केला तर वीज वाचते आणि डोळेही निवतात. संगणकावरील ‘स्क्रीन सेव्हर’ने मात्र काहीच वाचत नाही, पडदा बंद झाला तरच वाचते.

आमच्यासारख्या निवासी शाळेत हा हिशेब मोठा होतो. वीस संगणकांच्या कक्षात प्रत्येक यूपीएसने रात्री १० वॅट घेतले, तरी चौदा तासांत २.८ युनिट आणि तीस रात्रींत ८४ युनिट होतात. शेवटच्या तासाला आधी संगणक, मग यूपीएस आणि शेवटी कक्षाचे मुख्य बटण, या क्रमाने बंद करण्याचे काम रोज दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे. उन्हाळ्याच्या सुटीत कक्ष बंद असताना मात्र महिन्यातून एकदा यूपीएस काही तास सुरू करून बॅटरी भरून घ्यावी, नाही तर जूनमध्ये नव्या बॅटऱ्यांचा खर्च उभा राहतो.