गिऱ्हाइकाची वही

वर्ध्याच्याच काय, महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवच्या मोठ्या दुकानांत पाऊल टाकलें, तर भिंतीवर एक चौकट पुष्कळदां दृष्टीस पडते. गिऱ्हाईक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा होय, तो आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहों, अशा आशयाचीं वाक्यें तींत असतात आणि खालीं नांव असतें महात्मा गांधींचें. ज्या जिल्ह्यांत सेवाग्राम आहे, तेथें तर ही चौकट अधिकच शोभून दिसते. परंतु गांधीजींच्या लेखनांत वा भाषणांत या वाक्यांचा पुरावा मिळत नाहीं. १८९० सालीं दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं तसें भाषण केलें, असें कित्येक जागीं छापलेलें असतें. पण त्या सालीं ते लंडनला कायद्याचा अभ्यास करीत होते आणि दक्षिण आफ्रिकेंत पोंचले ते १८९३ सालीं. हींच वाक्यें १९४१ सालच्या एका अमेरिकन व्यापारी नियतकालिकांत आढळतात. तेथें तीं केनेथ एलियट या गृहस्थांच्या नांवावर असून हे गृहस्थ स्टुडबेकर या मोटार-कंपनीच्या विक्रीखात्याचे प्रमुख होते!

मोटारवाल्याचें वचन महात्म्याच्या नांवानें फिरत फिरत पुन्हां मोटारींच्या दुकानांत येऊन बसलें, ही मोठी मौजेची गोष्ट खरी. वचन मात्र कोणाचेंहि असो, तें खोटें नाहीं. प्रश्न इतकाच कीं, या पाहुण्याची आठवण दुकानानें ठेवावी कशी? पूर्वीं ती शेटजींच्या डोक्यांत असे. आतां ती संगणकांत असते. मोटारविक्रीच्या दुकानांकरितां गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारें सॉफ्टवेअर मुद्दाम बेतून घेण्याचा जो विचार अलीकडे चालतो, त्याविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय धंद्याचा असला, तरी घरगुती मासिकांत त्यास जागा आहे. तीं सॉफ्टवेअरें लिहिणारीं मुलें नागपूरच्या मिहानमध्यें वा पुण्यास नोकरीला असलेलीं आपल्याच घरचीं आहेत. आणि त्या वहींत ज्यांचीं नांवें चढतात, तीं माणसेंहि आपल्याच घरचीं आहेत.

रांगेचे दिवस

वाहनांच्या धंद्याशीं वर्ध्याचें नातें जुनें आहे. शेठ बच्छराज यांनीं जमनालाल बजाजांना वर्ध्यास दत्तक घेतलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच बच्छराजांच्या नांवानें १९४५ सालीं ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली आणि पुढें तीच ‘बजाज ऑटो’ या नांवानें प्रसिद्धीस आली. १९५९ सालीं तिला वाहनें बनविण्याचा परवाना मिळाला. त्यानंतर कित्येक वर्षें स्कूटरसाठीं आधीं नांव नोंदवून मग वाट पाहत बसावें लागे. मुलाच्या मुंजींत नोंदविलेली स्कूटर त्याच्या लग्नांत मिळाली, असें थट्टेनें म्हणत, आणि त्या थट्टेंत फारशी अतिशयोक्ति नव्हती. त्या काळीं दुकानदारास एकच वही पुरे : कोणाचा नंबर कितवा. गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याचें कारणच नव्हतें.

१९९३ सालीं प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचें बंधन उठलें आणि हळूहळू पारडें फिरलें. आज एकाच रस्त्यावर चार कंपन्यांचीं दुकानें असतात. जो मनुष्य सहज डोकावून जातो, त्याचें नांव, गांव, फोन-नंबर टिपून ठेवावा लागतो. रांगेंत पूर्वीं गिऱ्हाईक उभें असे, आतां दुकानदार उभा आहे.

कंपनीची वही

मोटारी बनविणाऱ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांना स्वतःची संगणक-प्रणाली देतात. किती गाड्या मागविल्या, किती खपल्या, हमींत कोणता सुटा भाग बदलून दिला, हा सर्व हिशेब तींत उत्तम राहतो. पण ही वही कंपनीच्या डोळ्यांनीं पाहते. दुकानदाराकडे दोन कंपन्यांचीं वाहनें असलीं, तर दोन वह्या होतात आणि त्या एकमेकींशीं बोलत नाहींत. थोरल्या भावानें एका दालनांतून मोटार घेतली व धाकट्यानें दुसऱ्यांतून दुचाकी, तर हें एकच घर आहे हें कोणासच उमगत नाहीं. शिवाय विक्री करणारा मुलगा नंबर आपल्याच मोबाईलमध्यें ठेवतो. तो नोकरी सोडून गेला, कीं गिऱ्हाइकें त्याच्या खिशांत बसून पलीकडच्या दुकानीं जातात.

अपुऱ्या वहीचें दुःख दुकानदारापेक्षां गिऱ्हाइकाच्या वांट्याला अधिक येतें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कर्ते पुरुष वारले. तेराव्याचीं माणसें अजून घरांत होतीं, तोंच फोन वाजला. “नमस्कार, सर आहेत का? गाडीची सर्व्हिसिंग राहिली आहे.” काकूंनीं स्वतःच सांगितलें, “ते गेले, बाई.” पलीकडच्या मुलीनें मनापासून दिलगिरी दर्शविली. महिन्यानें दुसऱ्या मुलीचा फोन आला, विम्याची मुदत संपत असल्याबद्दल. काकूंनीं पुन्हां तेंच सांगितलें. आणि पुढें त्यांच्या जन्मदिवशीं सकाळींच, त्यांच्याच मोबाईलवर, त्यांस दीर्घायुष्य चिंतणारा संदेश आला! मागाहून चौकशी करतां कळलें, कीं त्या मुलींपुढें संगणकावर तीनच उत्तरें होतीं : ‘येणार’, ‘येणार नाहीं’ आणि ‘नंतर फोन करा’. बिचारींनीं त्यांतल्या त्यांत तिसरें निवडलें होतें.

यांत दुष्टपणा कोणाचाच नव्हता. वहींत मृत्यूला रकाना नव्हता, इतकेंच. तो असता, तर त्याच दुकानाला काकूंच्या उपयोगीं पडतां आलें असतें. वाहनाचा मालक वारल्यास वारसानें ३० दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें आणि तीन महिन्यांच्या आंत ‘फॉर्म ३१’ भरून गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. विमाहि वारसाच्या नांवें करावा लागतो. हें काकूंना कोणीं सांगितलें नाहीं. जे फोन आले, ते नको ते आले. जो यावयास हवा होता, तो आलाच नाहीं.

वर्ध्याच्या मापाची वही

अंगाला बसणारा सदरा शिवायचा, तर शिंप्यानें आधीं माप घ्यावें लागतें. वर्ध्याचें माप पुण्यामुंबईहून निराळें आहे. ज्या हिंगणघाटचें नांव कापसाच्या व्यापारांत एकोणिसाव्या शतकापासून गाजत आहे, त्या भागांतील एखादा शेतकरी आषाढांत दुकानीं येऊन गाडी पाहतो, पसंत करतो आणि म्हणतो, “कापूस निघूं द्या.” तयार सॉफ्टवेअर महिनाभर दर तीन दिवसांनीं त्यास फोन करावयास लावतें व मग ‘गिऱ्हाईक गेलें’ असा शेरा मारून मोकळें होतें. वस्तुतः तो कोठेंहि गेलेला नाहीं; त्याचा पैसा अजून शेतांत उभा आहे. वर्ध्याच्या वहींत ‘थांबण्याचें कारण’ असा एक रकाना हवा आणि त्यांत ‘कापूस’ लिहिलें, कीं पुढची आठवण वेचणी होऊन माल बाजारांत गेल्यावर निघावी. पितृपक्षांत खरेदीचा आग्रह करूं नये आणि दसरा, पाडवा व अक्षय्यतृतीया यांची तयारी आधीं व्हावी, हेंहि त्या वहीस ठाऊक असावें.

दुसरें माप नांवांचें. वानखडे आणि वानखेडे हीं एकाच माणसाचीं दोन रूपें असूं शकतात. इंग्रजी अक्षरांत लिहितांना तर त्यांचीं चार होतात. लग्नापूर्वींचें नांव, नंतरचें नांव, आधार-पत्रावरचें नांव हे घोटाळे निराळेच. फोन-नंबरावरून माणूस ओळखावा, तर एकाच नंबरावर बाप, लेक आणि सून अशीं तिघें असतात. म्हणून जाणता प्रणालीकार माणूस, घर आणि गाडी यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवून त्यांचीं नातीं जोडतो. गाडीची खरी ओळख तिच्या १७ अक्षरांकांच्या चासी-नंबरांत असते. तो बदलत नाहीं. मालक बदलला, मरण पावला, गाडी मुलाला दिली, तरी तिची कुंडली एकच राहते. नांवें देवनागरींत लिहिण्याची सोय तर हवीच. ती आतां अवघड राहिलेली नाहीं. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरी आली आहे.

तथापि बेतून घेतलेल्या वहीचे दोषहि सांगितले पाहिजेत. तयार सॉफ्टवेअर प्रथम स्वस्त पडतें व त्याची देखभाल दुसरा कोणी करतो. आपलें स्वतःचें ज्या एका मुलानें लिहिलें, तो बंगळूरला निघून गेला, तर त्याच्या मागें तें वाचणारा कोणी उरत नाहीं. म्हणून मूळ लिखाण दुकानाच्या मालकीचें राहील आणि सर्व नोंदी केव्हांहि बाहेर काढून घेतां येतील, हें आरंभींच कागदावर घ्यावें. पहिले कांहीं महिने कागदी वहीहि चालूं ठेवावी. जून २०२४ मध्यें उत्तर अमेरिकेंतील सीडीके या कंपनीच्या प्रणालीवर चोरट्यांनीं हल्ला केला. सुमारें १५,००० मोटार-दुकानें तिच्यावर विसंबून होतीं. कित्येकांना कांहीं दिवस कागद-पेन्सिलीवर कारभार हांकावा लागला. सर्वांची वही एका पेटींत असली, कीं एका किल्लीनें सर्वांचें दार बंद होतें.

विसरण्याचें कर्तव्य

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुना दुकानदार पुष्कळ आठवीत असे. पण तो कांहीं गोष्टी विसरतहि असे, आणि दुसऱ्याच्या कानीं तर घालीतच नसे. संगणकाला हा संकोच नाहीं. तो शिकवावा लागतो. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें ही शिकवण बंधनकारक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास तेव्हांपासून १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. माहिती कशासाठीं घेतों तें गिऱ्हाइकास सांगून संमति घ्यावी. संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंहि सोपें असावें. काम संपल्यावर माहिती पुसून टाकावी. आणि संमतीचा मजकूर वाचणाऱ्यास इंग्रजीप्रमाणेंच मराठींतहि मागतां यावा, असा त्याचा आशय आहे. माहितीच्या रक्षणांत हयगय झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

तेव्हां आमची तिघांस विनंति आहे. दुकानदारांनीं वही घ्यावी ती आपल्या गिऱ्हाइकाच्या मापाची घ्यावी. लिहिणाऱ्या तरुणांनीं रकाने आंखण्यापूर्वीं आठ दिवस दुकानांत बसून फोन करणाऱ्या मुलींचें बोलणें ऐकावें. त्यांच्या कपाळावरच्या आंठ्यांतून जें कळेल, तें मालकाच्या यादींत सांपडणार नाहीं. आणि आपण गृहस्थ-गृहिणींनीं काउंटरवर नंबर लिहून देण्यापूर्वीं ‘हा कशासाठीं?’ एवढें विचारण्याचा भिडस्तपणा सोडावा.

काकूंनीं अखेर तो मोबाईल बंद करून टाकला. त्यांत यजमानांचा आवाज असलेले कांहीं संदेश होते. ते मुलानें आधीं उतरवून ठेवले. काय ठेवावें आणि काय पुसावें, हें घरच्या माणसाला कळलें. दुकानाच्या वहीला तें कळूं लागेल, तेव्हां भिंतीवरची ती चौकट कोणाच्याहि नांवानें लावावी. ती खरी ठरेल.