लिव्हरपूलचे पाणी, वेळवंडीचे पाणी

मँचेस्टरला शिकत असताना आम्ही पाच जणांनी एका शनिवारी लिव्हरपूलला जायचे ठरवले. अंतर रेल्वेने तासाभराचेही नाही. १८३० साली याच दोन शहरांमध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारी प्रवासी रेल्वे सुरू झाली, एवढे मी वाचून ठेवले होते. आमच्यात एक नायजेरियाचा, एक तैवानची, दोघे आपल्याकडचे (एक मी, एक कोथरूडचा) आणि एक मुलगी वेल्सची. दोन दिवसांचा बेत साधा होता. अल्बर्ट डॉक पाहायचा, मर्सी नदीतून फेरीबोटीने फिरायचे, बीटल्सच्या खुणा शोधायच्या आणि रात्री स्वस्तात मिळेल तिथे झोपायचे.

दुपारी डॉकवर पाण्याच्या बाटल्या भरून घेताना वेल्सची मैत्रीण सहज म्हणाली, "जपून प्या, आमचं गाव आहे त्यात." सगळे हसले, मीही हसलो. मग तिने जे सांगितले ते ऐकून माझे हसू ओसरले, कारण हीच गोष्ट मला माझ्या घरून ठाऊक होती. मी ती कधी कोणाला सांगितली नव्हती, इतकेच.

तिचे आजोळ उत्तर वेल्समधल्या बाला गावाच्या परिसरातले. तिथून जवळच त्रुवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाची छोटी वस्ती होती. शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनाघर, बारा घरे-शेतवाड्या आणि पूर्ण वेल्श बोलणारी माणसे. लिव्हरपूलला पाणी हवे होते. शहराच्या महापालिकेने वेल्समधल्या कोणत्याही स्थानिक संस्थेची परवानगी न घेता थेट ब्रिटिश संसदेकडून कायदा करून घेतला. १९५७ साली तो मंजूर झाला. वेल्समधल्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरीही मंजूर झाला. त्याआधी नोव्हेंबर १९५६ मध्ये कापेल केलिनची माणसे, पोराबाळांसकट, याच लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन आली होती. १९६५ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, ते निदर्शकांच्या गोंधळात काही मिनिटांतच उरकावे लागले. त्याच काळात एका दगडी भिंतीवर मेइक स्टीव्हन्स या तरुणाने 'त्रुवेरिन विसरू नका' अशा अर्थाचे वेल्श शब्द रंगवले. ती भिंत आजही लोक पुन्हा पुन्हा रंगवतात. २००५ साली लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने या प्रकरणाबद्दल जाहीर माफी मागितली.

"तुमच्याकडे असं काही झालंय?" तिने विचारले. माझ्या आधी कोथरूडचा मित्र म्हणाला, "आमच्याकडे पानशेत फुटलं होतं." मी काहीच बोललो नाही. मी भोर तालुक्यातल्या वेळवंडी नदीच्या खोऱ्यातला. माझ्या पणजीचे शेत भाटघर धरणाच्या पाण्याखाली आहे. पाण्याशी संबंधित विषय घेऊन मी परदेशी शिकायला गेलो होतो आणि त्या प्रश्नाला नीट उत्तर देण्याइतकीही माहिती माझ्याकडे नव्हती. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथम भाटघरविषयी. वेळवंडी ही नीरेची उपनदी. तिच्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात इंग्रज सरकारने पहिले धरण बांधले. पुढे मागणी वाढली, म्हणून विसाव्या शतकात त्याहून कितीतरी मोठे दगडी धरण उभे राहिले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते पुरे झाले. आज त्याची साठवणक्षमता सुमारे २३.५ टीएमसी धरली जाते. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३० कोटी. योगायोग असा, की लिव्हरपूलने वेल्समध्ये पहिले मोठे धरण बांधले तेही १८८० च्या दशकातच. वर्नवी नदीवरच्या त्या धरणात लानूधिन नावाचे अख्खे गाव गेले. एकाच साम्राज्यात, जवळपास एकाच वेळी, घरातल्या डोंगराळ प्रदेशात आणि वसाहतीतल्या डोंगराळ प्रदेशात तीच विद्या वापरली जात होती.

डोंगराळ प्रदेशच का, हे समजून घेण्यासारखे आहे. भोर आणि वेल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या ऐन माथ्याला लागून आहे. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळते, पण खाली काळा बेसाल्ट आणि वर तीव्र उतार. पाणी जिरत नाही, थांबत नाही, दोन-चार दिवसांत वाहून जाते. पूर्वेला साठ-सत्तर मैलांवर बारामती, इंदापूर, फलटण हा सपाट, चांगल्या जमिनीचा, पण अवर्षणाचा पट्टा आहे. म्हणून अभियंत्याने अरुंद खोऱ्याचे तोंड बांधायचे, पाणी उंचावर अडवायचे आणि उताराच्या जोरावर, एक पैशाची वीज न जाळता, सपाटीवर न्यायचे. भाटघरचे पाणी नदीत सोडतात, ते खाली वीरपर्यंत जाते आणि तिथून नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे व उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे निघतो. त्रुवेरिनचेही असेच आहे. तिथले पाणी डी नदीत सोडतात आणि खूप खाली, इंग्लंडच्या हद्दीजवळ, ते उचलून घेतात.

ज्या उताराने हे काम स्वस्तात होते, तोच उतार वरच्या गावांच्या विरोधात जातो. धरणाकाठची गावे पाण्याच्या वर, डोंगराच्या कुशीत सरकलेली. पाणी त्यांच्या पायाशी दिसते, पण ते वर आणायला पंप हवा, वीज हवी, जलवाहिनी हवी, आणि मुळात परवानगी हवी, कारण धरणातला थेंबन् थेंब खालच्या लाभक्षेत्राच्या नावावर आधीच लावलेला असतो. उन्हाळ्यात पाणी खाली खाली सरकते आणि बायकांची पायपीट तेवढीच वाढते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे कोणी कौतुकाने बनवलेली नाही. वर्षातून दोन महिने ती आमची दिनचर्या असते.

पाणी ओसरले की वरती आलेल्या गाळावर लोक पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. आमच्या घरातली माणसेही करायची. लहानपणी मला वाटे, ही आमची उन्हाळ्याची शेती. ते आमचेच जुने रान होते आणि दरवर्षी काही आठवड्यांपुरते ते सरकारकडून आम्हाला परत वापरायला मिळत होते, हे मला फार उशिरा कळले.

आता वेल्ह्याकडे, ज्याचे नाव अलीकडेच राजगड तालुका झाले. पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणे याच तालुक्यात. पानशेत अंबी नदीवर, वरसगाव मोसे नदीवर. त्यांची साठवण अनुक्रमे १०.६५ आणि १२.८२ टीएमसी. हे पाणी खडकवासल्यात उतरते आणि तिथून पुण्याच्या नळांना आणि पुढे कालव्याने दौंड-इंदापूरकडे जाते. भोरमधले नीरा-देवघर (सुमारे ११.७ टीएमसी) आणि वेल्ह्यातले गुंजवणी (सुमारे ३.७ टीएमसी) धरले, तर या दोन लहानशा तालुक्यांत मिळून साठाहून अधिक टीएमसी पाणी अडते. खडकवासल्याची स्वतःची साठवण दोन टीएमसीसुद्धा नाही. पुणेकर चौपाटीवर कणीस खात ज्या तलावाकडे कौतुकाने बघतात, तो खरे तर वरच्या खोऱ्यांचा उंबरठा आहे.

त्या दिवशी माझा मित्र जे बोलला त्यात त्याची चूक नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. पुण्याच्या स्मृतीत 'पानशेत' हे पुराचे नाव आहे. जुनी माणसे 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी कालगणना करतात, आणि ते योग्यच आहे. पण पानशेत हे त्याआधी एका खोऱ्यातले गाव होते आणि त्या खोऱ्यातली माणसे पाणी फुटण्यासाठी नव्हे, तर साठण्यासाठी उठली होती, ही आठवण शहराकडे नाही. पूर एका दिवसात येतो, त्याची तारीख असते. बुडित क्षेत्र हळूहळू भरते, त्याला तारीख नसते. तारीख नसलेली गोष्ट विसरायला सोपी जाते.

विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्याने केला. ज्यांची जमीन गेली त्यांना, जिथे धरणाचे पाणी पोचते त्या लाभक्षेत्रात जमीन द्यायची, हे त्यातले महत्त्वाचे तत्त्व. तत्त्व न्याय्य आहे. पण भाटघरची आणि मूळ पानशेतची माणसे या कायद्याच्या कितीतरी आधी उठली होती.

याच मुलखात विरोध झाला नाही असेही नाही. शेजारच्या मुळशीत टाटांच्या वीजधरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोकांनी 'सेनापती' केले ते तेव्हा. हे बापट १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले होते. इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग तिथून ते पॅरिसला पोचले, ते सहल म्हणून नव्हे, तर रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकायला. परदेशी यंत्रविद्या शिकायला गेलेला हा विद्यार्थी परत येऊन मावळातल्या शेतकऱ्याच्या बांधावर बसला. लिव्हरपूलहून परतताना गाडीत मला त्यांची आठवण आली आणि थोडी लाजही वाटली.

आठवणीचा आणखी एक धागा आहे, नावांचा. भाटघरच्या पहिल्या जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याचे नाव होते, नव्या धरणाला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे. स्वातंत्र्यानंतर जलाशयाला येसाजी कंकांचे नाव मिळाले, पानशेतला तानाजींचे, वरसगावला बाजी पासलकरांचे. ही माणसे याच खोऱ्यांच्या अभिमानाची, नावे शोभतातच. तरीही पाण्याला शूरांची नावे मिळाली आणि पाण्याखालच्या गावांची नावे मात्र कुठल्या फलकावर आली नाहीत. ती राहिली ती बायकांच्या तोंडी. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरू करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याचे मोल मला इथे कळते. मूळचे फ्रान्सचे पॉइतव्हाँ इथे दोन दिवसांसाठी आले नव्हते. ते इथलेच झाले, म्हणून त्यांना ऐकू आले.

परत आल्यावर मे महिन्यात मी त्याच कोथरूडच्या मित्राला आणि त्याच्या दोघा सोबत्यांना शनिवार-रविवारी घरी बोलावले. भोरचा राजवाडा पाहिला, नसरापूरला बनेश्वरी थांबलो. राजगड चढायचा त्यांचा हट्ट होता, मी म्हटले, तो पुढच्या वेळी. आधी त्यांना वेळवंडीकाठी कांबऱ्याला नेले. तिथले कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बहुतेक महिने धरणात असते आणि पाणी ओसरले की उन्हाळ्यात बाहेर येते. देवळाच्या दगडांवर सुकलेल्या गाळाचा पांढुरका थर होता. लोक अनवाणी येत होते, नारळ फोडत होते. पावसाळा सुरू झाला की देव पुन्हा पाण्यात. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आमच्याकडे नळाला पाणी येतं, ते असंच कुठूनतरी?" मी त्याला पश्चिमेचे डोंगर दाखवले आणि म्हटले, "तुमचं त्या पलीकडून."

रात्री आजीला मी कापेल केलिनची सगळी हकिगत सांगितली. मोर्चा, भिंत, चाळीस वर्षांनी मागितलेली माफी. मला वाटले, माफीचे ऐकून तिला बरे वाटेल. तिने सुपारी कातरायची थांबवली आणि विचारले, "मंग, माफी मागून रान किती दिलं त्यान्ला?"

मी ते विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेल्सच्या मैत्रिणीला पत्र लिहायला बसलो. त्यात पहिला प्रश्न आजीचा होता.