डोस तोच, पातळी वेगळी

बोनमॅरो ट्रान्सप्लांटमध्ये दात्याच्या मूलपेशी सलाइनसारख्या शिरेतून जातात. त्याआधीचे काही दिवस जास्त अवघड असतात. जबर केमोथेरपी देऊन रुग्णाच्या हाडांतला जुना मगज रिकामा करावा लागतो आणि नव्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्तीही दाबावी लागते. मगज रिकामा करण्यासाठी बुसल्फान हे जुने, कठोर औषध आजही वापरले जाते.

भारतातले पहिले यशस्वी मगज प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाचा मगज दिला गेला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियाच्या मुलांवर हे उपचार मोठ्या प्रमाणावर केले. बुसल्फानच्या गोळ्या घेणाऱ्या या मुलांच्या रक्तातली औषधाची पातळी तिथे मोजली गेली, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सारखाच डोस घेतलेल्या मुलांमध्येही ती फार वेगवेगळी निघाली.

कारण गोळी पोटात किती शोषली जाईल आणि यकृत औषध किती वेगाने निकामी करील, हे माणसागणिक बदलते. यकृतातील ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज ही विकरे हे काम करतात आणि त्यांचा वेग जनुकांवरही अवलंबून असतो. लहान मुले वजनाच्या मानाने औषध मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर टाकतात. 1999 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, शिरेतून दिल्या जाणाऱ्या बुसल्फानमुळे शोषणाचा प्रश्न सुटला, यकृताचा राहिलाच.

म्हणून डोसपेक्षा, शरीराला औषध एकूण किती आणि किती वेळ मिळाले, हे महत्त्वाचे ठरते. ते कमी पडले तर नवा मगज रुजत नाही किंवा कर्करोग उलटतो. जास्त झाले तर यकृतातल्या बारीक शिरा बंद पडतात, कावीळ होते, पोटात पाणी साठते. त्यातून जीवही जाऊ शकतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 674 मुले व तरुण रुग्णांची माहिती तपासली गेली. संपूर्ण उपचारात शरीराला मिळालेले एकूण औषध लिटरमागे 78 ते 101 मिलिग्रॅम-तास या पट्ट्यात असलेल्यांचे निकाल सर्वांत चांगले आले.

रक्तातली पातळी मोजण्याची तपासणी तशी साधी आहे. पहिल्या डोसनंतर ठरावीक वेळांना थोडे थोडे रक्त घेतात, नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्या आकड्यांवरून पुढचे डोस वाढवतात किंवा घटवतात. वेळेची नोंद चुकली तर हिशेबही चुकतो. उपकरणे महाग असल्याने ही सोय सगळीकडे नाही. पण प्रत्यारोपणाच्या एकूण खर्चापुढे ही तपासणी किरकोळच आहे. तिला चैन समजणे चूक आहे. ती या उपचाराचाच भाग असायला हवी.

इतर औषधांनीही ही पातळी बदलते. बुरशीवरचे इट्राकोनाझोल आणि जुलाबावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल ती वाढवतात. झटक्यांवरचे फेनिटॉइन कमी करते. तापावरचे पॅरासिटामॉलही या काळात डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये. निपाणीसारख्या गावाहून मुंबई, पुणे वा वेल्लोर गाठणाऱ्या कुटुंबाने गावातल्या दुकानातून घेतलेल्या गोळ्या आणि घरचे काढे यांची यादी जुन्या फाइलबरोबर न्यावी, आणि केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्तातली पातळी मोजणार का, हे विचारावे.