फोनची बॅटरी उतरते आणि रेंज मिळत नाही? आधी दुखणं कुठलं ते ओळखा



फोन आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. पीएम किसानचं ई-केवायसी, फार्मर आयडी, बँकेचं काम, सगळं ओटीपीवर अडतं. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. बाजारभाव आणि फवारणीचा सल्लाही याच फोनवर येतो. नेमकं त्याच वेळी बॅटरी ३ टक्के किंवा रेंज गायब, असं झालं की दिवस वाया जातो आणि कधी कधी मुदतही निघून जाते.

पुष्कळ जण अशा वेळी एकदम नवी बॅटरी टाकतात किंवा नवा फोन घेतात. थोडं थांबा. *बॅटरी आणि रेंज ही बऱ्याचदा दोन वेगळी दुखणी नसतात, एकच असतं.* टॉवर लांब असला की फोनला तिथपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो. रेंज तुटली की तो सारखा टॉवर शोधत बसतो. फोन खिशात नुसता पडून असला तरी आत हे काम चालूच असतं आणि त्यात बॅटरी जाते. गावात दिवसभर टिकणारा फोन मळ्यात गेल्यावर दुपारीच मान टाकतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

*दोन रात्रींची चाचणी*

खर्च काही नाही. घरात दुसरा फोन चालू असेल अशीच रात्र निवडा, म्हणजे अडीअडचणीला संपर्क राहील.

पहिली रात्र: झोपताना बॅटरी किती टक्के आहे ते लिहून ठेवा, फोन एरोप्लेन मोडवर टाका, चार्जिंगला लावू नका. सकाळी आकडा बघा.
दुसरी रात्र: फोन त्याच जागी ठेवा, पण एरोप्लेन मोड बंद. सकाळी पुन्हा आकडा बघा.

▪️ पहिल्या रात्री दोन-चार टक्केच उतरली आणि दुसऱ्या रात्री खूप जास्त, तर बॅटरी ठीक आहे. दुखणं बहुतेक रेंजचं आहे.
▪️ दोन्ही रात्री भरपूर उतरली, तर बॅटरी थकली आहे किंवा एखादं ॲप आतून चालू आहे. सेटिंगमध्ये 'बॅटरी युसेज' उघडा. कुठलं ॲप किती खातं ते तिथे दिसतं.

*दुखणं रेंजचं असेल तर*

१) काड्यांवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक कंपनीचा फोन काड्या आपल्या हिशेबानं दाखवतो. बऱ्याच फोनमध्ये सेटिंग, 'अबाऊट फोन', 'स्टेटस', 'सिम स्टेटस' इथे खरा आकडा मिळतो. तो वजा चिन्हाचा असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर साधारण वजा ९० च्या आसपास असेल तर उत्तम, वजा ११० म्हणजे कमजोर, वजा १२० म्हणजे नसल्यासारखीच. हा आकडा बघत घर, गच्ची, गोठा, विहीर, बांध असं फिरा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा बदलायला वेळ लागतो. चांगली जागा सापडली की घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ओटीपीचं काम तिथूनच करायचं.

२) रेंज कुठे अडते ते लक्षात घ्या. पत्र्याचं शेड आणि मोटारीची पत्र्याची खोली ही सगळ्यात वाईट. स्लॅबच्या घरात आतल्या खोलीपेक्षा खिडकीजवळ बरी मिळते. वाढलेल्या उसात, तेही पाऊस पडून गेल्यावर, रेंज कमी होते, कारण ओली पानं लहरी शोषून घेतात. ओढ्याच्या खोलगट भागातून बांधावर चढलं तरी फरक पडतो.

३) सेटिंग तपासा. फाइव्ह-जी तुमच्या शिवारात पोचलं नसेल आणि फोन 'फाइव्ह-जी ऑटो' वर असेल, तर तो त्याच्याच शोधात राहतो. 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप' मध्ये जाऊन फोर-जी ठेवा. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम असेल आणि फोर-जी फारच कमजोर असेल, तर तेवढ्या वेळेपुरतं टू-जी करा. इंटरनेट जवळपास चालणार नाही, पण फोन आणि एसएमएस येतील, आणि ओटीपी एसएमएसनेच येतो. जिओवाल्यांनी मात्र हे करू नये. जिओला टू-जी नाहीच, त्यामुळे फोनच बंद पडेल.

४) दुसऱ्या सिमला रेंज नसेल तर ते सेटिंगमधून बंद करा. नाहीतर फोन त्याच्यासाठीही टॉवर शोधत राहतो.

५) फोन अडकल्यासारखा वाटला तर एरोप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. फोन नव्याने टॉवर धरतो.

६) शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचं सिम असेल तर त्याला विचारा. त्याचीही रेंज गेली असेल तर तुमचा फोन चांगला आहे. लाइट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही संपते. रोजचंच झालं असेल तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. चार-पाच जणांनी मिळून केली तर आणखी चांगलं. तरीही सुधारणा नसेल तर त्या जागी कुठल्या कंपनीची रेंज आहे ते दुसऱ्यांच्या फोनवर बघा आणि मगच नंबर पोर्ट करा.

*दुखणं बॅटरीचं असेल तर*

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. ट्रॅक्टरच्या टपावर, गाडीच्या डिकीत, उन्हात बांधावर फोन ठेवू नका. तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. उशीखाली ठेवून चार्जिंग करू नका. मोटारीच्या स्टार्टरजवळच्या जोडणीवर फोन लावणं टाळा, तिथे व्होल्टेज कमी-जास्त होतं. रोज शून्यापर्यंत उतरवण्यापेक्षा २० ते ८० टक्क्यांत ठेवलं तर बॅटरी जास्त वर्षं टिकते.

चार्जिंग हळू होतंय? पिनच्या खाचेत माती आणि कापसाची कुस अडकलेली असते. फोन बंद करून लाकडी काडीनं हलकेच काढा. सुई किंवा तार वापरू नका.

व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. स्क्रीनचा उजेड लागेल तेवढाच ठेवा.

⚠️ फोनची पाठ फुगली किंवा स्क्रीन वर उचलली गेली, तर त्या क्षणी चार्जिंग बंद. दाबू नका, टोचू नका. बॅटरी बदलूनच घ्या.

*बचत करताना हे मात्र बंद करू नका*

बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवला तर व्हॉट्सॲपचे मेसेज उशिरा येतात. भाव सकाळचा आणि मेसेज दुपारी, असं नको. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. तसंच विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप वापरत असाल तर पावसाळी दिवसांत लोकेशन आणि इंटरनेट चालू राहू द्या. इथे दोन टक्के वाचवण्यात शहाणपण नाही.

*फसू नका*

▪️ बाजारात मिळणारा रेंज बूस्टर परवान्याशिवाय बसवणं बेकायदेशीर आहे. त्यानं आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडते.
▪️ "सिम अपग्रेड करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. जुनं सिम बदलायचं असेल तर स्वतः दुकानात जा. बदलल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून कुठल्याही मुदतीच्या दिवशी सिम बदलू नका.

*मुदतीचं काम असेल त्या दिवशी*

आदल्या रात्री फोन भरून ठेवा. ई-पीक पाहणीला जाताना घरापासून शेतापर्यंत एरोप्लेन मोड चालेल, पण गटात पोचल्यावर तो बंद करा. लोकेशन थेट उपग्रहांकडून मिळतं, म्हणून आंब्याखाली उभं न राहता मोकळ्या आभाळाखाली थांबा आणि मिनिटभर वाट बघा. ओटीपी आला नाही म्हणून सारखं बटण दाबू नका, नवीन मागवला की जुना चालत नाही. आधी रेंजची जागा धरा, मग एकदाच मागवा.

आणि एक लक्षात असू द्या: आपल्या सिमची रेंज नसली तरी ११२ लावून बघा. आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर संकटाचा कॉल त्यावरून लागू शकतो.

दोन रात्रींची चाचणी करूनही उलगडा झाला नाही तर दोन्ही आकडे लिहून, फोन घेऊन संकलन केंद्रावर या. बसून बघू. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोनही एकदा तपासा, पुष्कळदा आधारला जोडलेला नंबर त्यांच्याच फोनमध्ये असतो.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद सल्ला सेवा 🙏