लिंबायतची अहिराणी कोणत्या रकान्यात?

सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांतून चालतात. ओडिशातून लूमवर आलेल्या कारागिराच्या मुलाला घरच्या भाषेची शाळा मिळते. लिंबायत, उधना, डिंडोलीतलं खान्देशी पोर जातं मराठी शाळेत. घरी आजी बोलते अहिराणी.

ताप्ती व्हॅली रेल्वेनं सव्वाशेएक वर्षांपूर्वी सुरत आणि अमळनेर जोडलं. पुढे पावरलूम आणि डाईंग-प्रिंटिंग वाढलं, तशी धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं इथं उतरत गेली. बायका घरबसल्या साड्यांना लेस लावतात, टिक्या चिकटवतात आणि ओट्यावरून हाक येते, ‘काय करी ऱ्हायनी व?’

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर स्थापना होते. घरातल्या पुरुषांच्या संख्येवर सव्वाच्या मापानं गहू दळून रोट करायचे, तेही फक्त भाऊबंदांनी खायचे. रात्र जागते ती अहिराणी गाण्यांवर. सोमवारी वाजतगाजत विसर्जन.

आपण मराठी माणसं अहिराणीला सरसकट मराठीची बोली म्हणून मोकळे होतो. भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननं 1907 साली खान्देशीला भिल्ल भाषांच्या खंडात बसवलं. जनगणनेत ‘खान्देशी’चा गट मराठीहून वेगळा असतो आणि अहिराणी त्यात मोडते. त्या गटाचे आकडे बघण्यासारखे आहेत. देशभरात 1991 साली पावणेदहा लाखांच्या आसपास, 2001 साली पावणेएकवीस लाख, 2011 साली अठरा लाख साठ हजार. दहा वर्षांत एवढी बाळं कुठे जन्मतात? बदलत गेलं ते उत्तर. मातृभाषा विचारली की कुणी अहिराणी म्हणतो, कुणी शिकल्यासवरल्यासारखं मराठी.

लग्नाच्या डीजेवर अहिराणी गाणी दणक्यात वाजतात, यूट्यूबवर विनोदी फिती चालतात. धोका आहे घरात. आई-बाप आपसांत अहिराणी बोलतात आणि पोराकडे वळले की हिंदी किंवा गुजराती. गाण्यावर नाचणाऱ्या त्या पोराला आजीशी भांडता येत नाही.

आता 2027 ची जनगणना दारात येईल. मातृभाषा ‘मराठी’ सांगितली तर नोंद मराठीत जमा होते, ‘अहिराणी’ सांगितली तर अहिराणीत. मराठी-गुजराती हातची जाण्याची भीती नको: 2011 च्या अर्जात अवगत असलेल्या इतर दोन भाषांसाठी वेगळी जागा होतीच.