बिंदू वर्तुळावर आहे का?

मळणीच्या खळ्यात मधोमध तिवडा रोवलेला असतो आणि त्याला बांधलेले बैल कणसे तुडवत गोल फिरतात. एकाच दाव्याला तीन-चार बैल असले तर आतल्याचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. तिवडा मात्र सगळ्यांचा एकच. वर्तुळाची व्याख्या एवढीच आहे: एक जागा ठरलेली, तिच्यापासूनचे अंतर ठरलेले. अकरावीच्या गणितात हीच गोष्ट क्ष² + य² = २५ अशा वेशात समोर येते आणि मुले ती सूत्र म्हणून पाठ करतात. घोटाळा तिथेच होतो. सरळव्याजाच्या सूत्रात आकडे घातले की उत्तर बाहेर पडते. या समीकरणातून तसे काही बाहेर पडत नाही. उलट तेच आपल्याला विचारते, की तुम्ही दाखवता तो बिंदू केंद्रापासून ५ एककांवर आहे की नाही? म्हणजे ही एक कसोटी आहे. तिला कसोटी म्हणून पाहिले तर या प्रकरणातल्या बहुतेक गाठी आपोआप सुटतात.

कसोटी येते कुठून, ते आधी पाहू. केंद्र आरंभबिंदूवर आहे असे धरा. तिथून ३ एकक उजवीकडे आणि ४ एकक वर गेलात, तर तुमच्यापासून केंद्रापर्यंत ताणलेली दोरी हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो. ९ आणि १६ मिळून २५, म्हणून दोरी ५ एककांची. हा संबंध बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्याच्या निमित्ताने आला आहे, आणि तिथेही मोजमाप दोरीचेच आहे. पण कोणत्याही बिंदूला दोन संख्यांनी ओळखायचे आणि आकृतीऐवजी त्या संख्यांमधला संबंध मांडायचा, ही युक्ती सतराव्या शतकातली. देकार्तचे भूमितीवरचे लेखन १६३७ साली छापले गेले. त्याच सुमारास फर्माने स्वतंत्रपणे तोच विचार केला होता, पण त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली छापून आले. (आज फळ्यावर आखतो ते दोन काटकोनी अक्ष देकार्तच्या पुस्तकात तसेच्या तसे सापडत नाहीत, ती नंतरच्यांची टापटीप.)

यावर पहिला आक्षेप साधा आहे. कंपासने क्षणात वर्तुळ निघते, मग वर्गांची ही उस्तवार कशाला? आता (३.५, ३.५) हा बिंदू घ्या. सेंटिमीटरच्या मापाने ५ त्रिज्येचे वर्तुळ काढून हा बिंदू मांडला, तर तो रेषेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर आत पडतो. पेन्सिलीचे टोक जरा बोथट असले की तो वर्तुळावरच आहे अशी खात्री वाटेल. कसोटी मात्र फसत नाही. १२.२५ दोनदा घेतले की २४.५ होतात, २५ पेक्षा कमी, म्हणजे बिंदू आत. शिवाय किती चुकले तेही कळते. संगणकाच्या पडद्याला नेमके हेच हवे असते. तिथे कंपास नाही, चौकोनी ठिपक्यांची जाळी आहे, आणि बहुतेक ठिपके खऱ्या वर्तुळावर बसतच नाहीत. १९७७ साली जॅक ब्रेसनहॅम यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत शेजारच्या ठिपक्यांपैकी कोणता या कसोटीला कमी चुकतो ते पाहून पुढचे पाऊल टाकले जाते. वर्गमूळ काढावे लागत नाही. पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर काम भागते.

आता मुलांना हमखास नडणारे वजाचे चिन्ह. केंद्र (२, ३) वर नेले की समीकरण (क्ष − २)² + (य − ३)² = २५ होते. केंद्र उजवीकडे गेले, मग चिन्ह अधिक का नाही? कारण अंतर आता शून्यापासून नव्हे, २ पासून मोजायचे आहे, आणि २ पासून क्ष किती दूर हे वजाबाकीच सांगते. कंस सोडवले की क्ष² + य² − ४क्ष − ६य − १२ = ० असा चेहरा हरवलेला प्रकार उरतो; पूर्ण वर्ग करणे म्हणजे त्यातून केंद्र पुन्हा हुडकणे. इथे एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. शेवटच्या −१२ च्या जागी +१३ लिहा: त्रिज्या शून्य होते आणि एकच बिंदू उरतो. +२० लिहा: दोन वर्गांची बेरीज −७ व्हायला हवी, जे अशक्य. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी इथे ऋण संख्येचे वर्गमूळ काढत बसतो. कसोटी समजलेल्याला त्यात नवल वाटत नाही. एखाद्या अटीत कुणीच बसत नाही, असे होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हा सगळा पायथागोरसचाच सिद्धांत, फक्त नव्या कपड्यांत. यात नवे काय? नवे हे, की दोन वर्तुळांची वजाबाकी करता येते. आकृत्यांची ती करता येत नाही. उदाहरण भूकंपाचे घ्या. त्याच्या दोन प्रकारच्या लहरी वेगवेगळ्या वेगाने धावतात. त्या पोचण्यातल्या अंतरावरून, म्हणजे वेळेच्या फरकावरून, धक्का किती दूर झाला ते कळते. कोणत्या दिशेला झाला ते या फरकातून कळत नाही. म्हणून वेधशाळेभोवती एक वर्तुळ मिळते. दोन वेधशाळांची वर्तुळे साधारणपणे दोन ठिकाणी छेदतात, आणि त्यांतले खरे ठिकाण कोणते ते तिसरी ठरवते. गणित करताना दोन समीकरणे एकमेकांतून वजा केली की क्ष² आणि य² उडतात, उरते सरळ रेषा. अशा दोन रेषा म्हणजे शाळेतली एकसामयिक समीकरणे. प्रत्यक्षात धक्का जमिनीखाली खोल असतो, मोजण्यात चुका असतात, आणि तिन्ही वर्तुळे एका बिंदूत कधीच नीट मिळत नाहीत, हे खरे. पण अशा वेळी कसोटी टाकून द्यावी लागत नाही. नकाशावरचा एखादा बिंदू घेऊन तो प्रत्येक वेधशाळेच्या कसोटीला किती चुकतो ते काढतात, आणि सगळ्या चुका मिळून जिथे सर्वांत कमी भरतात तिथे भूकंपाची खूण करतात.