‘अविशिष्ट’ म्हणू नका

नातीच्या बी.एस्सी.च्या नोट्स चाळताना एका वाक्यावर नजर अडली : ‘उपजत प्रतिकारशक्ती अविशिष्ट असते.’ १९९० साली मीही विद्यार्थ्यांना हेच सांगत होते. हे चूक असल्याचा पुरावा तेव्हा नव्हता. १९९६पासून तो मिळत गेला, आणि वाक्य मात्र तसंच. वाईट वाटलं.

१८८२ साली जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफनं मेसिनाला तारामाशाच्या अळीत काटा टोचून भोवती जमणाऱ्या, उपजत प्रतिकार करणाऱ्या पेशी पाहिल्या. पुढची शंभर वर्षं बहुतेक प्रतिपिंडांच्या कौतुकात गेली.

१९८९मध्ये येलच्या चार्ल्स जेनवे यांनी नेमकं दुखणं सांगितलं. निव्वळ प्रथिन टोचलं तर शरीर फारसं हलत नाही. सोबत मेलेले जिवाणू मिसळावे लागतात. का? जिवाणूंच्या अंगावर आपलं शरीर कधीच बनवत नाही असे रेणू असतात, आणि ते ओळखणारे ग्राही आपल्यात जन्मजात असले पाहिजेत, हा त्यांचा तर्क. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठांनी तो ‘कल्पनाविलास’ म्हणून उडवून लावला होता. ते मी विसरलेले नाही.

मग नव्वदचं दशक आलं. १९९६ : स्ट्रासबुर्गला लमेत्र आणि हॉफमन यांच्या प्रयोगात ‘टोल’ जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीनं मेल्या. १९९७ : मेदझितोव आणि जेनवे यांना माणसातला टोल सापडला. १९९८ : डॅलसला बॉइटलर यांच्या चमूनं एका उंदराचं कोडं सोडवलं. जिवाणूंच्या आवरणातलं विष कितीही टोचा, या उंदराला काही होत नसे. पण थोडेसे जिवंत साल्मोनेला गेले की तो मरे. त्याच्यात टीएलआर-४ हा टोलसारखा ग्राहीच बिघडलेला होता. शत्रूची चाहूलच लागत नव्हती, म्हणून ताप नाही, सूज नाही, लढाईही नाही. परदेशी नियतकालिकं आमच्याकडे उशिरा पोहोचायची. हा शोध छापलेला अंक हातात पडला त्या दिवशी मी वर्गात दुसरं काहीच शिकवलं नाही.

आज गल्लोगल्ली ‘इम्युनिटी बूस्टर’ विकले जातात. ही शक्ती नुसती वाढवायची नसते. रक्तात जिवाणू पसरले की याच ग्राहींचा हाकारा अनावर होतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावतो.

२०११चं निम्मं नोबेल बॉइटलर आणि हॉफमन यांना मिळालं. मेदझितोव यांचं नाव त्यात नव्हतं आणि जेनवे २००३मध्येच वारले होते. प्राध्यापक मंडळींनो, निदान नोट्समधला ‘अविशिष्ट’ हा एक शब्द खोडा.